पान उलटणारी

इद्वल दिवसा शाळेची बस चालवतो.
गुरुवारी संध्याकाळी, चॅपेलच्या मागच्या खोलीत,
जिथं आता बटाट्याची पोती ठेवतात,
तो एका सरदाराला घोड्यावर चढवतो.

पियानो जुना. एका चाकाखाली
खाणीतल्या पाटीच्या दगडाची चीप.
ओल धरली की खालची एक काळी पट्टी
दाबली तर वर येत नाही.
तिथं जनावर श्वास रोखून बसतं, म्हणतो इद्वल,
आणि दुरुस्तीचे पैसे वाचवतो.

मी त्याच्या डाव्या हाताला बसते.
मला सूर वाचता येत नाहीत.
हनुवटी जरा खाली गेली
की पान उलटायचं, एवढं ठरलंय आमचं.
कागद म्हणजे बसच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठी,
पातळ, कांद्याच्या सालासारखे.
दिवा पियानोवर, कागदाच्या मागे,
त्यामुळे घोड्याच्या टापांमधून
सात चाळीसची फेरी पुसट दिसत राहते.

गोष्ट त्याची त्यानंच रचलेली.
कुठल्या पोथीत नाही, भिंतीवरच्या चित्रात नाही.
राजा म्हणाला, तळ्यातलं जनावर मारून ये.
सरदार गेला. ढाल, भाला,
आणि स्वतःचं नाव घेऊन.

नाव म्हणजे चार सूर.
तीन चढते, चौथा आखूड,
दार लोटून घेतल्यासारखा.
एवढे मात्र मी ओळखते.

तळ्यातून विचारणा होते: कोण?
सरदार चार सुरांत सांगतो.
पुन्हा: कोण?
या वेळी तीनच.
चौथ्याच्या जागी इद्वलचं बोट
पट्टीला टेकतं, पण दाबत नाही.

मारामारी अशी होतच नाही.
पोस्टातल्या नेरिसची धाकटी कंटाळून
बटाट्यांच्या पोत्यांवर चढते.
मेंढरंवाला गेथिन हीटर लाथेनं सरळ करतो.
अकरा माणसं, एक कुत्रा,
आणि डाव्या हाताखाली पाणी,
नुसतं पाणी, पानामागून पान,
न घाई, न राग,
विचारत राहिलेलं.

दोन सूर.

गेल्या साली आमच्या तळ्याला नवी पाटी लागली.
पाहुण्यांना जुनं नाव म्हणता येईना.
जीभ टाळूला लावून
गालांच्या कडेनं हवा सोडायची असते,
वासराच्या तोंडावरून हात फिरवावा तसं.
वासराचंच तळं ते: ल्लिन अ ल्लो.
पाटीवर आता 'मिरर लेक'.
चहाचं दुकानही त्याच नावाचं.
इद्वल बसमध्ये थांब्यांची नावं पुकारायचा,
तो आता नुसता ब्रेक लावतो.
पोरांना कळतं कुठं उतरायचं ते.
भांडला नाही कुणाशी.
मला विचारलंन फक्त,
गुरुवारी मोकळी असतेस का.

एक सूर.
सरदार पाण्यात गुडघ्याएवढा उभा
आणि हातात नुसता पहिला सूर,
किल्लीसारखा, पण घर आठवत नाही.

हनुवटी. मी पान उलटते.

पुढचं पान कोरं.
चूक झाली वाटून मी त्याच्याकडे बघते.
त्याचे हात मांडीवर.
पेडल मात्र दाबलेलं,
तारांत उरलेलं तळं अजून हलतंय.
गेथिनचा कुत्रा कान टवकारतो.

आणि कोऱ्या कागदातून, दिव्यामुळे,
पलीकडची अक्षरं वर येतात, उलटी.
सात चाळीस, शाळा.
सात बावन्न, जुनी खाण.
सात अठ्ठावन्न,
मी मान वाकडी करते,
आरशात वाचावं तसं उजवीकडून डावीकडे वाचते,
माझी जीभ आपोआप टाळूला लागते.

हवा सुटते. आवाज नाही.
इतकाच, की शेजारच्याला ऐकू जावा.

इद्वलची हनुवटी खाली जाते.
अजून एक पान आहे म्हणजे.
पण मी ते उलटत नाही,
एवढ्यात नाही.